न सांगितलेलं दुखणं

"दुखतंय कुठे, ते तरी सांगा."

"कुठंच नाही, कॉम्रेड डॉक्टर. झकास आहे बघा मी!"

डॉ. राइनांनी बेंबीजवळ दाबलं. ग्रोझदानच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तो हसतच राहिला. शिशाच्या भट्टीवर उभा जन्म गेलेला माणूस. हिरड्यांवर निळी रेघ उमटली होती.

"हे शिशाचं विष आहे. मी तसं लिहिते."

"नका हो लिहू! भट्टीची बदनामी केली म्हणतील. पोर कॉलेजात आहे माझी."

राइनांनी पोटदुखीच्या गोळ्या लिहून दिल्या. तो गेला आणि त्या खिडकी ते दार येरझाऱ्या घालू लागल्या.

"बसा की जरा, बाई," नर्स झ्लाटका म्हणाली. "देशाच्या नेत्याच्या बायकोपुढे कोण रडगाणं गाणार? भिंतीवरच्या तसबिरीतनं साहेब बघतायत ना!"

जेवताना त्यांनी नवऱ्यापाशी विषय काढलाच. "ल्युबेन, ती भट्टी थांबव. माणसं आतून पोखरली जातायत."

"कोण म्हणतं?" त्यानं पाव सूपमध्ये बुडवला. "तुझ्याच दवाखान्यानं कळवलंय, सगळे ठणठणीत आहेत."



नोव्हेंबरात पक्षानंच ल्युबेनला पदावरून हाकललं. राजधानी सोफियातले लोक रस्त्यावर उतरले. तो घरी रेडिओशी भांडत बसे. दवाखान्यातली तसबीर उतरली आणि राइनांच्या दारापुढची रांग शेजारच्या डॉक्टरकडे सरकली. रिकाम्या खोलीत त्यांचा पाय ठरेना.

एका दुपारी ग्रोझदानची बायको त्स्वेता दारात उभी राहिली. "त्याला उठवत नाही. दुसरं कुणी घरी यायला तयार नाही. चला."

स्वयंपाकघरात भाजलेल्या मिरच्यांचा वास कोंडला होता. त्स्वेतानं खुर्ची पुढे केली नाही. खाटेवर ग्रोझदान; मनगट लुळं लोंबत होतं.

"बघा, बघा! तुमच्या नवऱ्यानं खाल्लं मला. आणि तुम्ही गोळ्या दिल्यात! नका लिहू म्हटलं, तर लगेच ऐकलंत?"

"हो," राइना म्हणाल्या. "ऐकलं."

मग तो थांबेचना. पोटातल्या कळा, उडालेली झोप, हातातून निसटणारा चमचा, मध्येमध्ये शिव्या. राइनांनी त्याला एकदाही अडवलं नाही. ओव्हरकोट काढून जमिनीवर ठेवला आणि चुलीपाशी जाऊन गारठलेले हात शेकले. मग खाटेशी गुडघे टेकून बसत त्यांनी ते हात हळूच त्याच्या पोटावर ठेवले.