फाटकापलीकडची सवाष्ण

"काका, सगळे खालून वाकून चाललेत. मी पण येऊ का?"

मुग्धाचा आवाज जनार्दनरावांच्या फोनमधून आला. ती समोरच दिसत होती. मध्ये फाटकाचे दोन दांडे आणि रेल्वेच्या दोन लाइनी, बस. हिरवी साडी, हातात पिशवी, पदर खोचून वाकायच्या तयारीत.

"नाही! तिथंच थांब!" ते इतक्या जोरात ओरडले की फोनची गरजच उरली नाही. दांड्याखालून मोटारसायकल आडवी करून काढणारा दूधवाला दचकला. "का हो गओ बाबूजी?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.

मुग्धा शहरातल्या जुन्या मराठी वस्तीतली सून. आज अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं या दिवशी एक सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. आणि हे सगळं नवरा जिवंत आहे तोवरच. जनार्दनराव गेले की त्यांच्या बायकोचं, दुर्गाबाईंचं, पान कायमचं बंद. चौऱ्याहत्तरीच्या माणसाकडे अशा नवम्या किती उरल्या असतील हे सांगायला ज्योतिषी नको.

शहरात एका हाकेला चार सवाष्णी आल्या असत्या. इथं, कानपूर रोडवरच्या बेतवा विहारात, सत्तर घरं होती आणि मराठी बोलणारं एकच, तेही आता स्वतःशीच बोलणारं. शेजारच्या बायका पितृपक्षात परक्या घरचं अन्न घेत नसत. आणि ई-रिक्षावाले फाटकाच्या पुढे येत नाहीत, म्हणून खीर झाकून ठेवून जनार्दनराव सवाष्णीला घ्यायला पायी इथवर आले होते.

हे घर म्हणजे त्यांचीच हौस. छत्तीस वर्षं आडवळणाच्या स्टेशनांवर मास्तरकी केली, रेल्वेच्या क्वार्टरांत संसार केला. निवृत्त झाल्यावर स्वतःचं अंगण पाहिजे म्हणून शहराबाहेर प्लॉट घेतला. आल्यागेल्याला ते गच्चीवर नेत. "हवा बघा. पाणी बघा, बोअरचं, गोड. तो तिकडं किल्ला दिसतोय. शहरात स्कूटर लावायला जागा मिळते का तुम्हाला?" पाहुणे माना डोलावत. खालून दुर्गाबाई म्हणत, "हवा चांगली आहे हो. पण हवेशी बोलणार तरी किती?" आठवड्यातून दोनदा त्या भाजीच्या निमित्तानं शहरात जात, चार मराठी शब्द बोलून-ऐकून येत, आणि जाताना-येताना या फाटकावर उभ्या राहत. दुरून डोंगर साजरे असतात हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. जनार्दनरावांना कळायला त्यांना गमवावं लागलं.

दोन वर्षांपूर्वी, माघातल्या एका दुपारी, दुर्गाबाईंच्या छातीत कळ आली. वसाहतीतल्याच एकाची रिक्षा मिळाली आणि फाटक पडलं. पलीकडे जेमतेम एक मैलावर दवाखाना. दुर्गाबाई रिक्षात कण्हत होत्या आणि दर थोड्या वेळानं विचारत होत्या, "उघडलं का हो?"

तेव्हापासून फाटकाचा हूटर वाजला की जनार्दनरावांना तो प्रश्न ऐकू येई. मागून नाही, वरून नाही. डाव्या हाताला, जरा खालून. रिक्षात बसलेलं माणूस जिथून बोलेल तिथून. आपण भ्रमिष्ट झालेलो नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी कधी कधी ते हळूच उत्तर देत, "आत्ता उघडेल." आणि मग स्वतःचीच लाज वाटून इकडेतिकडे बघत.

मुलगा सलील पुण्याला. "बाबा, त्या फाटकानंच आईला नेलं," तो प्रत्येक फोनवर म्हणे. "दिवाळीत येतो. घर काढून टाकू, तुम्ही इकडे या." जनार्दनराव विषय बदलत. पुण्यातल्या अकराव्या मजल्यावर तो आवाज कसा चढून येणार होता? छळत होता, पण दुर्गाबाईंचं तेवढंच शिल्लक होतं.

"काका," मुग्धा पुन्हा फोनवर म्हणाली. आता तिनं खोचलेला पदर सोडला होता. "बहुत टाइम लग रहा है. बारा वाजून गेले. काकूंच्या वेळी पण असंच झालं होतं ना? बिचाऱ्या. आणि तुम्ही तरी काय करणार, फाटकच बंद!"

हेच ते वाक्य. दोन वर्षं लोक येऊन हेच बोलून गेले होते आणि जनार्दनरावांनी खाली मान घालून ते ऐकून घेतलं होतं. खोटं नव्हतं. खऱ्याचा अर्धा तुकडा होता. पण आज ही मुलगी दुर्गाच्या नावानं त्यांच्या घरचा घास तोंडात घालणार होती. हिला फसवून जेवू घालायचं?

"मुग्धा, ऐक. जेवायच्या आधी तुला हे कळायला पाहिजे."

"बोला ना."

"फाटकवाला उघडायला तयार होता."

ती पलीकडून बघत राहिली. एवढ्या अंतरावरूनही तिचा चेहरा बदललेला त्यांना दिसला.

"रिक्षापाशी आला तो. म्हणाला, 'मास्साब, टेसन पे फोन लगा लो, सिगनल वापस करा लो, हम खोल देत.' मालगाडी अजून लांब होती. स्टेशनवरचा माणूस माझ्या हाताखाली शिकलेला. एक फोन केला की सिग्नल लाल, गाडी तिकडेच उभी आणि फाटक मोकळं."

"मग?"

"दिलेला सिग्नल मी छत्तीस वर्षांत स्वतःसाठी कधी परत घेतला नाही. कोणालाही घेऊ दिला नाही. त्याला म्हटलं, एकच गाडी आहे, आठ मिनिटं, नियम म्हणजे नियम. हिला म्हटलं, गॅस झाला असेल. मालगाडी गेली, तर समोरून एक्सप्रेस लागलेली, अगदी जवळ आलेली. मग फोन करूनही उपयोग नव्हता. शेवटी शेवटी ती विचारायची थांबली. मला वाटलं, बरं वाटतंय."

मुग्धा काही बोलणार तेवढ्यात इंजिनाची शिट्टी आली आणि मालगाडी दोघांच्या मध्ये घुसली. कोळशाच्या वाघिणी, एकामागून एक. दोन वाघिणींच्या फटीतून हिरवी साडी दिसे आणि पुसली जाई, दिसे आणि पुसली जाई. एकदा ती साडी जरा जास्तच जुनी, जास्तच ओळखीची वाटली. जनार्दनरावांनी डोळे मिटले. डाव्या हाताला कोणी काही विचारलं नाही. त्यांना वाटलं, गाडी सरेल आणि पलीकडे कोणी नसेल. तसं झालं तर ते मुग्धाला दोष देणार नव्हते.

डोळे उघडले तेव्हा दांडे वर चालले होते. दोन्हीकडची गर्दी एकमेकांत घुसली, हॉर्न, शिव्या, धूळ. त्यातून वाट काढत मुग्धा आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. नेहमीसारखी पाया पडली नाही.

"सलीलदादाला माहीत आहे?"

"नाही."

"त्याला सांगा. आजच. मी जेवते, पण काकूंसाठी जेवते. तुमच्यासाठी नाही."

"बरं," जनार्दनराव म्हणाले. ते घराकडे वळले, ती दोन पावलं मागून.

पान वाढून झालं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी. खीर स्वतः केली होती, जरा खाली लागली होती. मुग्धानं डोळे मिटून हात जोडले आणि पहिला घास घेतला. मग जनार्दनराव आतल्या खोलीत गेले आणि सलीलला फोन लावला. उभ्यानंच सांगितलं. फाटकवाला काय म्हणाला, आपण काय म्हणालो, एक शब्द कमी नाही.

सलीलनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"किती मिनिटं झाली होती?"

"सगळी मिळून तेवीस."

"ते नाही विचारत, बाबा. तो विचारायला आला तेव्हा किती झाली होती?"

आयुष्यभर वेळा लिहिलेल्या माणसाला ते आठवायला जोर करावा लागला नाही. "दुसरं मिनिट."

फोन बंद झाला. जनार्दनरावांनी थोडा वेळ तो कानाशी तसाच धरून ठेवला.

बाहेर आले तेव्हा मुग्धाचं जेवण झालं होतं. पानात काही टाकलं नव्हतं. खाली लागलेली खीरसुद्धा संपवली होती.

"काय म्हणाला?"

"काही नाही. ठेवून दिला."

मुग्धानं मान हलवली. समजूत घातली नाही, आणि त्याचं जनार्दनरावांना बरंच वाटलं. त्यांनी ओटीचं तबक पुढे आणलं: तांदूळ, नारळ, खण, हळदीकुंकवाचा करंडा. आणि तिथं घोडं अडलं. मागच्या वर्षी सूनबाई श्रेया आली होती, तिनं सवाष्णीला कुंकू लावलं होतं. आज घरात बाई नव्हती, आणि दुसऱ्याच्या बायकोच्या कपाळाला त्यांनी हात लावायचा नव्हता. करंडा हातात घेऊन ते नुसते उभे राहिले.

"आरसा आहे का?" मुग्धानं विचारलं.

त्यांनी मोरीतला दाढीचा आरसा खिळ्यावरून काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला. मुग्धानं करंड्यात बोट बुडवलं.

"जरा वर घ्या, काका."

त्यांनी वर घेतला. आरसा थरथरत होता.

"आता हलवू नका."

जनार्दनरावांनी दोन्ही कोपरं बरगड्यांना घट्ट टेकवली आणि तिचं कुंकू लावून होईपर्यंत श्वास धरून उभे राहिले.