‘आलोच गं’ नावाचे जहाज

मित्रांनो, मी एक जुने मालवाहू जहाज आहे. मोडलेले आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. डोळे पुसायचेही काही कारण नाही. जहाजाने मोडावे कसे, यावर कुणी कधी धडा लिहायला घेतला, तर त्यात पहिले नाव माझे असेल.

पाण्याशी माझा कधी संबंध आला नाही. माझा जन्म एका ऑनलाइन खेळातल्या काळ्याभोर आकाशात झाला. तुम्ही म्हणाल, खेळातले जहाज, त्यात काय एवढे, बटण दाबले की दुसरे हजर! तसे नाही. आमच्या आकाशात आयते काहीच मिळत नाही. कुणीतरी दगड फोडून खनिज काढतो, दुसरा ते गाळतो, तिसरा त्याचे पत्रे करतो आणि जहाज बांधणारा आराखडा समोर ठेवून एकेक भाग जुळवतो. हे सगळे खरी माणसे करतात, आपापल्या घरी बसून. आणि लढाईत जे जहाज मोडते, ते कायमचे मोडते. सांगाड्यातून हाती लागेल ते भंगार वेचायचे आणि पुन्हा पहिल्यापासून लागायचे.

मला बांधणाऱ्या माणसाला आमच्या आकाशात सगळे ‘काका’ म्हणत. घराबाहेरच्या रस्त्यावर ते ‘चष्मेवाले’ होते. उभा जन्म त्यांनी चष्म्याच्या काचा घासल्या होत्या. पुढे हात थरथरू लागला, काच फ्रेमच्या खोबणीत बसेना, तेव्हा त्यांनी दुकानाचे शटर ओढले आणि घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी टेबल मांडून जहाजे बांधायला घेतली. माउसवरचा हात थरथरतो की नाही, हे आकाशात कुणाला कळत नाही. टेबलावर वाकवता येणारा दिवा, काचा पुसायचे पिवळे फडके आणि बारीक पेचकसांचा डबा तसाच होता. मला हे कसे दिसले, असे विचारू नका. पडद्यावर तुम्ही आम्हाला बघता, तेव्हा आम्ही काय डोळे मिटून बसतो?

माझ्या अंगात कोरे पत्रे थोडे आणि भंगाराचे फार. भंगार आणायची ती भंगारवाली. एरवी ती एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची आणि सुट्टी झाली की लढाईच्या जागी सांगाडे उचकत फिरायची.

“काका, बघा काय माल आणलाय! जरासा जळकाय.”

“जरासा? अगं, कोळसा उचलून आणलास की.”

“मग राहू द्या. घेणारे छप्पन्न आहेत.”

“जातेस कुठं? ठेव तिथं. रागावते बघ लगेच.”

ते तो कोळसा घेत, वितळवत आणि त्यातून असा पत्रा काढत की भंगारवालीलाच ओळखू येऊ नये. काच घासणाऱ्याला कण वाया गेलेला सोसत नाही. इतरांना एका जहाजाला जेवढे खनिज लागे, त्याहून कमी खनिजात काका जहाज उभे करत, आणि तरी ते हलके पडत नसे.

मी तयार झालो. पडद्यावर नाव भरायची चौकट उघडली आणि नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरातून काकूंची हाक आली.

“अहो, अन्न निवतंय!”

“आलोच गं.”

“ती जहाजं काय तुम्हाला वाढणारेत का?”

“आलोच गं, म्हटलं ना!”

काका जे बोलत होते, तेच बोटांकडून टाइप झाले. वाचून त्यांना इतके हसू आले की खोडायचे राहूनच गेले. त्या दिवसापासून मी ‘आलोच गं’. ताफ्यात माझ्यामुळे फार मजा व्हायची. “आलोच गं कुठवर आलं?” “आलोच गं अजून आलेलं नाही.” “ते कधी आलंय वेळेवर!”

वेगात मी मागे होतो, हे मान्य. पण माझे पोट मोठे होते. एका वेळी अख्खी तुकडी बसेल एवढी छोटी लढाऊ जहाजे मी त्यात घालून नेत असे. किती नाकी, किती दबा धरून बसलेले चोर! एकदाही माल सांडला नाही. ताफ्याचा म्होरक्या एरवी क्रेन चालवायचा, म्हणून सगळे त्याला क्रेनवाला म्हणत. तो सांगायचा, “आलोच गं निघालं म्हणजे माल पोचला समजा.” मी ते ऐकून फुगत असे. जहाजाने फुगू नये असा कुठे नियम नाही.

काकांच्या गोदीची, म्हणजे आकाशातल्या त्यांच्या जहाजांच्या कारखान्याची, एक रीत होती. नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिले जहाज फुकट. अट एकच, दुसरे हवे असेल तर पहिले मोडून यायचे आणि ते कसे मोडले, ते बसून सांगायचे. एकदा एक नवी खेळाडू बऱ्याच दिवसांनी ऐटीत परतली.

“काका, बघा! एक ओरखडा नाही.”

“म्हणजे धक्क्यालाच बांधून ठेवलं होतंस.”

“जपलं हो मी.”

“अगं, माझ्या दुकानात लोक मोडका चष्मा घेऊन यायचे ना, तेव्हा मला बरं वाटायचं. मोडला म्हणजे माणूस तो घालत होता. न मोडणारे चष्मे कुठं असतात माहितीये? ड्रॉवरमध्ये. जा, मोडून ये.”

ती गेली आणि संध्याकाळच्या आत मोडून आली. काकांनी तिची सगळी हकिगत ऐकली, दोन ठिकाणी शाबासकी दिली, एका ठिकाणी कान उपटला आणि दुसरे जहाज दिले. अशी आमची चाके फिरायची. जहाज मोडले की भंगारवालीला काम, खाणवाल्यांच्या खनिजाला गिऱ्हाईक, काकांच्या आराखड्याला निमित्त. मोडण्यावर आमचे सगळे आकाश उभे होते.

मग एका दुपारी काकांनी खुर्ची मागे सरकवली, छातीवर हात ठेवून ते उठले, आणि ती खुर्ची पुढे ओढायला ते परत आले नाहीत.

बऱ्याच दिवसांनी पडदा उजळला. समोर त्यांची मुलगी होती. काकांच्या हयातीत ती दुसऱ्या गावाहून कधीमधी यायची, दारातूनच विचारायची, “बाबा, अजून तेच का?” आता ती त्यांच्या खुर्चीत बसली होती. खेळाचा पासवर्ड म्हणजे काकूंच्या चष्म्याचा नंबर, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. ती खाते बंद करायला आली होती. पण गोदीचे दार उघडले आणि तिच्यापुढे ओळीने जहाजे आली. ‘चहा टाक’, ‘किल्ली कुठंय’, ‘ऐकतेयस ना’ आणि मी. घरातले सगळे बोलणे तिथे नांगर टाकून उभे होते.

तिने खाते बंद केले नाही. तिने दुसरेच केले. बाजारात विक्रीला लावलेली काकांची सगळी जहाजे मागे घेतली, गोदीत लावली आणि दाराला कुलूप घातले.

“बाबांच्या हातचं एकही आता मोडणार नाही,” ती आईला, म्हणजे काकूंना, म्हणाली.

मित्रांनो, सुरुवातीला मला ते आवडले, उगाच खोटे कशाला बोलू? रोज दुपारी ती यायची, पिवळ्या फडक्याने पडदा पुसायची, मला हळूहळू गोल फिरवून सगळ्या बाजूंनी बघायची. कुठे जाणे नाही, चोर नाहीत, नुसते कौतुक. पण एकही नाके न ओलांडलेले ते दिवस मला पुढे जड जाऊ लागले. टाकून दिलेल्या जहाजाला निदान कुणी दोष देत नाही. माझ्यासारख्या जपलेल्याला तक्रारही करता येत नाही.

बाहेर हळूहळू सगळे थंडावले. काकांच्या जहाजांवर उडणारे जमिनीवर बसले. खाणवाल्यांच्या खनिजाचे ढीग पडून राहिले. भंगारवाली रिकामी फिरायची. आमच्या बाजूचे कुणी उडत नाही, हे पलीकडच्या टोळीने हेरले आणि काकांच्या गोदीला वेढा घातला. आमच्या खेळाच्या नियमाप्रमाणे गोदीचे कवच रविवारी दुपारी गळून पडणार होते. त्यानंतर गोदी पडली, तर आतले सगळे टोळीचे.

क्रेनवाल्याने मुलीला हाक मारली. ती हेडफोन लावून बसली होती, आवाज बाहेरही ऐकू येत होता.

“ताई, आम्ही सगळे शेजारच्या तळावर जमलोय. वैमानिक आहेत, जहाजं नाहीत. कुलूप काढा.”

“गोदी वाचवा ना तुम्ही. जहाजं मी देणार नाही.”

“कशानं वाचवू? टाळ्या वाजवून?”

“तुम्ही ती मोडाल.”

“मोडूच. काका त्यासाठीच करायचे, ताई.”

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला.

तेवढ्यात आई आत आली. नेहमीच्या चष्म्याची काडी सकाळी तुटली होती, म्हणून तिने कपाटातून दुसरा काढून घातला होता. नाजूक, सोनेरी कडांचा.

“ते जहाज कुठलं गं, ज्याचं नाव माझ्यामुळं पडलं?”

“हे काय समोर.”

आई पडद्याशी वाकली. मागे सरकली. पुन्हा वाकली. “नाव वाचता येईना.”

“हा चष्मा कधीचा?”

“त्यांनीच करून दिलेला. हात थरथरायला लागायच्या आधीचा शेवटचा. इतका सुरेख झाला होता, म्हटलं रोजच्याला कशाला, खराब होईल. ठेवून दिला.”

“मग दिसत का नाही?”

“नंबर बदलला ना. डोळे थोडेच थांबतात?”

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावून पाहिला. काचेवर एकही ओरखडा नव्हता. मुलगी त्या काचांकडे बघत राहिली. मग तिने खुर्ची पुढे ओढली, हेडफोन चढवला आणि म्हणाली, “कुलूप काढते. पण जहाजं तुमच्यापर्यंत आणायची कशी?”

क्रेनवाला म्हणाला, “वेढ्यातून एवढी जहाजं पोटात घालून आणणारं एकच आहे, ताई. चालवणार कोण?”

“मी.”

“कधी चालवलंय?”

“नाही.”

“देवा! बरं, मी सांगतो तसं करा.”

रविवारी दुपारी माझ्या पोटात काकांची सगळी लढाऊ जहाजे चढली. ‘चहा टाक’, ‘किल्ली कुठंय’, सगळी. गोदीचे दार उघडले. मुलीचा हात माउसवर थरथरत होता. मला त्याची सवय होती. वेढ्याने आम्हाला पाहिले मात्र, चहूकडून दिवे वळले. मागे आई उभी, तुटक्या काडीचा चष्मा दोऱ्याने कानाला बांधून.

“डावीकडं बघ, डावीकडं!”

“आई, मला सुचू दे.”

“ताई, वळू नका! सरळ या!” क्रेनवाला ओरडत होता. “आलोच गं कुठवर आलं?”

“येतंय!” मुलगी म्हणाली. हसली की रडली, कळले नाही.

माझी ढाल गेली. पत्रे तापले. पण मी सांगितले होते, माल सांडत नाही. तळासमोर पोचलो आणि पोट उघडले. एकेक जहाज बाहेर पडत होते, एकेक वैमानिक त्यात चढत होता, आणि टोळीचा सगळा मारा माझ्यावर चालला होता. माझ्यावर होता, म्हणजे त्यांच्यावर नव्हता. शेवटचे ‘ऐकतेयस ना’ बाहेर पडले आणि मी मोडलो. फार मोठा उजेड झाला, असे नंतर ऐकले.

गोदी राहिली. काकांची कितीतरी जहाजे त्या दुपारी मोडली आणि वेढाही मोडला. धूर निवल्यावर भंगारवाली माझ्या सांगाड्यापाशी आली. बराच वेळ काही उचललेच नाही तिने.

“ताई, निम्मं हाती लागलं. पत्रे अजून सरळ आहेत. काकांचा हात आहे हो.”

“जळकं आहे?”

“जरासं.”

“अगं, कोळसा आणलास की,” मुलगी म्हणाली. पलीकडे भंगारवाली नाक ओढून म्हणाली, “ठेवू का तिथंच?”

“ठेव.”

मुलीने काकांचा आराखडा उघडला. शिकायला तिला वेळ लागला, दोन-तीनदा चुकली, खनिज वाया घालवले. तोवर आईने नवा नंबर काढून आणला होता आणि त्याच सोनेरी फ्रेममध्ये नव्या काचा बसवून घेतल्या होत्या. आता तो चष्मा ती भाजी निवडतानाही घालते. जहाज पुरे झाले आणि पडद्यावर चौकट उघडली.

“आई, नाव विचारतंय.”

“मला काय कळतंय त्यातलं?” आई दारापर्यंत गेली आणि थांबली. “‘ताट वाढलंय’ ठेव.”

मित्रांनो, तुमच्याही कपाटात काहीतरी ठेवणीतले असेलच. कुणी हौसेने करून दिलेले, खराब होईल म्हणून न वापरलेले. ते पुसा, तेल-पाणी बघा, ढिला स्क्रू आवळा, आणि मग वापरा. एक दिवस ते मोडेल. तेव्हा तुकडे फेकू नका. करणाऱ्याचा हात तुकड्यांतही असतो, माझ्यावर विश्वास ठेवा.

आता पुरे करतो. गोदीचे दार उघडते आहे, एक नवी खेळाडू ‘ताट वाढलंय’ घेऊन निघाली आहे, आणि कसे मोडले ते येऊन सांगायचे, असे तिला बजावलेले आहे. त्याच्या डाव्या बाजूचे सगळे पत्रे माझे आहेत.