अकोल्याचं घड्याळ

रागिणीनं तिसऱ्यांदा स्वतःच्या नोंदीत ‘शेतकरी स्थळ : चालेल’ असं लिहिलं होतं आणि तिसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं ‘नको’ येऊन बसलं होतं. तिनं माउस टेबलावर असा आपटला की पलीकडे मुलींच्या फोटोंना डिंक लावत बसलेली वच्छला दचकली.

“काय झालं ताई?”

“भूत झालं. अकोल्याचं भूत. अन् वरून मलेच म्हणते, मी काईच नाई केलं म्हणून.”

भूत म्हणजे तिचे वडील, उत्तमराव. बापलेकीचं मिळून एक विवाह केंद्र होतं. अमरावतीचं ऑफिस रागिणी सांभाळायची, अकोल्याचं उत्तमराव. दिवस असे होते की वऱ्हाडात शेती करणाऱ्या मुलाला कोणी मुलगी द्यायला तयार नव्हतं. काळीभोर जमीन असो की विहिरीला बारमाही पाणी, मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न एकच, पोराला नोकरी कुठं आहे? शाळेतला शिपाई चालायचा, पण बागायतदार चालायचा नाही. मुलांचे बाप चहा पिऊन खाली मान घालून परत जायचे. ते बघवेना म्हणून उत्तमरावांनी नोंदीतच एक रकाना ठेवला, शेतकरी स्थळ चालेल की नको. जिथं ‘नको’ आहे तिथं शेतकऱ्याचं स्थळ सुचवायचं नाही, असा नियमही केला आणि तो कधी मोडला नाही. नियम चांगला होता. फक्त रागिणीची नोंद करताना तो रकाना त्यांनी तिला न विचारताच भरून टाकला होता.

त्या वेळी तिलाही काही वाटलं नव्हतं. मग शेंदूरजनाघाटचे नत्थुजी आपल्या मुलाला, नितेशला, घेऊन नाव नोंदवायला अमरावतीच्या ऑफिसात आले. नितेशनं संत्र्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि रागिणीनं नोकरीचं विचारल्यावर म्हणाला, “लिवा, संत्र्याची झाडं. सकाळी लवकर जा लागते, सुटी नाई, बढती बी नाई.” तिला हसू आलं. त्यानंतर तो काही ना काही दुरुस्ती करायला येत राहिला. जन्मवेळ दुरुस्त केली, उंची दुरुस्त केली. एक दिवस दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही, तरी आला.

“तुमची नोंद पायली मी,” तो म्हणाला. “नको लिवलं हाये.”

“ते चुकलं हाये. मी आजच बदलते.”

आणि बदललंही. पण शनिवारी अकोल्याहून छापून निघालेल्या स्थळांच्या यादीत ‘नको’ तसंच होतं. पुढच्या शनिवारीही होतं. त्याच्या पुढच्याही. नितेश आला तेव्हा या वेळी संत्री नव्हती.

“तुमी तोंडानं एक सांगता अन् कागदावर एक लिवता. आमचे बाबा यादी पायतात, माह्यं तोंड नाई पायत. या शनिवारी बी तसंच निंगालं तं ते बाळापूरच्या स्थळाले हो म्हणून राहिले.”

एवढं बोलून तो गेला. रागिणीला रडूही आलं आणि रागही आला. रडायला वेळ नव्हता म्हणून तिनं राग धरला.

पहिला राग निघाला शाकीबवर. केंद्राचा प्रोग्राम त्यानंच बनवलेला. राजकमल चौकाजवळ त्याचं दुकान होतं आणि दुकानात उघड्या पडलेल्या कॉम्प्युटरांच्या मधे तो बसलेला असायचा. टेलिफोनची लाइन कधीही जायची, म्हणून त्यानं दोन्ही ऑफिसांत नोंदींची एकेक पूर्ण प्रत ठेवली होती. दिवसभर ज्यानं त्यानं आपल्या प्रतीत काम करायचं. सकाळी दोन्हीकडचे कॉम्प्युटर सुरू झाले की, आणि शनिवारी यादी छापायच्या आधी पुन्हा एकदा, ते आपापसांत जुळवून घ्यायचे, इकडचं नवं तिकडे, तिकडचं नवं इकडे.

“अन् एकाच नोंदीत दोघांनी बी हात घातला तं?” रागिणीनं विचारलं.

“प्रोग्राम टाइम पायतो नं, ताई. प्रत्येक सेव्हवर वेळेचा शिक्का बसते. ज्याचा शिक्का नंतरचा, त्याचं राहते. दुसऱ्याचं पुसून जाते.”

“मंग माह्यंच काहून पुसते? बाबा ऑफिस बंद करतात तवा मले फोन करतात. झालं बंद, म्हणतात. त्याच्यानंतर मी बदलते. मी शेवटी लिवते शाकीबभाई! नंतरची मी हाओ!”

“मंग काकांनी तुमच्या बी नंतर लिवलं असन.”

“बंद ऑफिसात बसून?”

शाकीबनं खांदे उडवले. “खुदा कसम, प्रोग्राम बराबर हाये. प्रोग्राम झूठ नाई बोलत. बोललं तं माणूस बोलते.”

म्हणजे बाप खोटं बोलतो. शटर ओढून, मुलीला फोन करून, पुन्हा आत जाऊन तिचं लिहिलेलं पुसतो. रागिणीनं फोन लावला.

“बाबा, माह्या नोंदीले हात काहून लावता?”

“मी काई बदललं नाई. पायलं फक्त.”

“पायल्यानं बदलते का?”

“मले काय मालूम! तुह्या त्या पोट्ट्याले विचार, त्यानं मशीन बनवली.”

“तुमाले तो शेतकरी नाई पाहिजे तं तोंडावर सांगा नं! असं मांगून पुसता काहून?”

उत्तमराव म्हणाले, “तोंडावर सांगतो. नाई पाहिजे. पण पुसलं नाई मी.” आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी रागिणीनं वच्छलेवर ऑफिस सोपवलं आणि अकोल्याची एसटी पकडली. यादी दुपारी छापायला जायची. मूर्तिजापूर येईपर्यंत तिनं बापाशी मनातल्या मनात एवढं भांडून घेतलं की बोरगावपर्यंत तिचा घसा खरंच कोरडा पडला.

ऑफिसात शिरली तर उत्तमराव कॉम्प्युटरसमोरच बसले होते आणि पडद्यावर तिचीच नोंद उघडी होती. तिचा फोटो, त्याखाली ‘नको’.

“हे पायतोच म्हणता नं? रोज पायता?”

“रोज. बंद करायच्या आधी सगळ्यात शेवटी तुह्यी नोंद उघडतो.” ते जरा ओशाळले. “फोटो चांगला हाये तो. घरी तं कुठं दिसतं तू? म्हयन्यातून एकदा येतं.”

“अन् मंग?”

“मंग काय? सेव्ह दाबतो अन् उठतो.”

“काई बदललं नसलं तरी सेव्ह?”

“मंग! उघडलेलं तसंच सोडलं अन् उडून गेलं तं?”

रागिणीनं कपाळावर हात मारला. प्रत्येक नोंद, नुसती पाहिलेलीसुद्धा, हा माणूस सेव्ह करत होता. तरी गणित जुळत नव्हतं. ते सेव्ह करून उठल्यावरच ती बदलत होती. तिनं सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि सवयीनंच मनात अर्धा तास वजा केला.

उत्तमरावांची सगळी घड्याळं अर्धा तास पुढं असायची. जवानीत एका सरकारी खात्यात कारकुनाची मुलाखत होती. हातातलं घड्याळ मागं पडलं, ते पोचेपर्यंत दार लागलं होतं. मग पुढची वीस-बावीस वर्षं नांगर. रागिणीच्या आईची कंबर त्या वावरातच मोडली आणि ती गेलीही तिथूनच. त्या मुलाखतीपासून त्यांनी घरातलं, मनगटावरचं, कुठलंच घड्याळ बरोबर वेळ दाखवू दिलं नाही. घरात सगळे न बोलता वजाबाकी करायचे. इतकी वर्षं करत आले होते की आपण ती करतो हेही कोणाच्या ध्यानात नसायचं.

रागिणीनं पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथंही भिंतीवरचीच वेळ होती.

“बाबा! कॉम्प्युटरचं घड्याळ बी पुढं केलं का तुमी?”

“केलं. ते लेकाचं आपोआपच मांगं जात होतं. मंग पलीकडच्या सायबर कॅफेवाल्याकडून ते आपोआप जाणं बंद करून घेतलं.” उत्तमरावांच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

वजा करायचं हे कॉम्प्युटरला कोणी सांगितलंच नव्हतं. बाप साडेपाचला उठायचा, शिक्का सहाचा बसायचा. लेक पावणेसहाला ‘चालेल’ लिहायची आणि सकाळी दोन्ही यंत्रं इमानदारीनं ठरवायची की बापच शेवटी बोलला. कोणी खोटं बोललं नव्हतं. तिला बापावर ओरडायचं होतं, त्या सायबर कॅफेवाल्यावर ओरडायचं होतं, आणि ज्यांच्या नोंदी अशाच उलटल्या असतील त्या सगळ्या घरांच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं. सगळ्यात जास्त संताप याचा होता की अर्धा तास वजा करत ती लहानाची मोठी झाली आणि तरी तिला हे सुचलं नाही.

तिनं आधी कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर केलं. मग वच्छलेला फोन लावला. “माह्यी नोंद उघड. शेतकरी स्थळ, चालेल. लिवलं? सेव्ह कर.”

फोन ठेवून ती बापाकडे वळली. पडद्यावर अजून सकाळची जुनीच नोंद होती, ‘नको’ असलेली.

“आता ऐका बाबा. तिकडं मी चालेल लिवलं हाये. घड्याळ आता खरं हाये. तुमी आता हे सेव्ह केलं तं तुमचं खरंच माह्यानंतरचं होईन, अन् यादीत नको जाईन. मी मंग काई म्हणणार नाई. पण या बारीले पुसलं तं तुमी पुसलं, असं व्हईन. मशीनवर ढकलता येणार नाई.”

उत्तमराव खुर्चीत सरळ बसले. त्यांचा हात माउसवर गेला.

“तुह्या मायचे हात पायले होते नं तू?” ते म्हणाले. “शेवटी शेवटी भाकर थापता येत नव्हती तिले.”

“पायले होते.”

“तरी?”

“तरी, बाबा.”

ते फोटोकडे बघत राहिले. रोज बघायचे तसेच, पण आज जास्त वेळ. बाण सरकत सरकत सेव्हपाशी आला आणि तिथंच थांबला. रागिणीनं ओठ घट्ट मिटून घेतले, कारण तोंड उघडलं असतं तर ती ओरडली असती.

“रागिणी,” उत्तमरावांनी तिच्याकडे न बघताच चिडून विचारलं, “हे सेव्ह न करता बंद कसं करतात? मले तं कोनं शिकोलंच नाई कधी.”