वाफसा आल्याशिवाय नाही

ट्रॅक्टर फाटकातून आत आला तेव्हा मी बोक्याला भरवत होते. बोका म्हणजे आमचे चिरंजीव, नुकतेच वर्षाचे झालेले. घास गालात साठवायचा आणि कोणी आलं की हसून सगळा बाहेर सोडायचा, ही त्याची पाहुणचाराची पद्धत. इंजिनाच्या आवाजाला त्याने तसंच केलं. बाहीने त्याचं तोंड पुसलं, त्याला कडेवर मारलं आणि घरामागच्या शेताच्या तुकड्याकडे धावले.

"भाऊजी, थांबा! नांगर खाली सोडू नका."

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, ट्रॅक्टर चालवतात. या रस्त्यावरच्या सगळ्या लहान शेतांत मिळून तो एकच आहे. आपला नंबर लागला की नांगरून घ्यायचं. नंबर गेला की सगळ्यांच्या शेवटी.

"काय झालं, वहिनी? साप निघाला का?"

"माती ओली आहे. वाफसा नाही अजून."

वाकून मूठभर माती घेतली, दाबली आणि खाली टाकली. फुटायला हवी होती. गोळाच्या गोळा पडून राहिला. बोक्याने टाळ्या वाजवल्या.

"झालं! एक हाच उरला होता तुमच्या बाजूने बोलायला," भाऊजी म्हणाले. "सगळा रस्ता नांगरून घेतोय, तुम्हालाच कसली घाई नाही."

घाई मलाच सगळ्यात जास्त होती. गेल्या वर्षी या दिवसांत मी बाळंतीण होते आणि भाऊजींनी ओल्यातच नांगर फिरवला. साबणाच्या वड्यांसारखी चकचकीत ढेकळं निघाली आणि उन्हाने त्यांच्या विटा झाल्या. बाळ झोपलं की मी त्या विटा फोडत बसायचे. गाजरं निघाली ती दोन-दोन पायांची. तेव्हाच सासूबाईंनी सांगून टाकलं, "पुढच्या वर्षी शेजारच्या दाढीवाल्या काकांचे बटाटे लावून होतील, तेव्हा आपला तुकडा उघडा दिसला तर तो त्यांना वाट्याने देऊन टाकायचा. तुला झेपत नाही, बाई." नवरा शहरात बेकरीत, घरी येणार रविवारचा, तेव्हा त्यांचंही काही चूक नव्हतं. पण बोक्याने पहिलं पाऊल टाकावं ते या मातीत, आणि त्या मातीवर हुकूम माझा चालावा, एवढं मला हवं होतं.

सासूबाई ओले हात झटकत बाहेर आल्या.

"अगं, ट्रॅक्टर परत पाठवलास तर नांगरणार कोण?"

"मी खणेन."

"कडेवर हे गाठोडं घेऊन?"

"गाठोडं खाली ठेवता येतं, आई."

"सरका, वहिनी," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी इंजिन वाढवलं. मी सरकले नाही. चाकासमोर चिखलातच बसकण मारली. बोक्याने आनंदाने दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात घातले. भाऊजींनी कपाळाला हात लावला आणि इंजिन बंद केलं.

"मागून हाका मारायच्या नाहीत हं!"

"नाही मारणार."

ट्रॅक्टर उलटा वळून काकांच्या शेतात गेला. संध्याकाळी नवरा फोनवर म्हणाला, "तुझं बरोबर असेलही. पण तो तुकडा आहे, कुंडी नव्हे."

"रविवारी येताना हातमोजे आण," मी म्हटलं. "दोन जोड."

मग रोज सकाळी माती दाबून बघणं आलं. भिंतीकडचा उंच कोपरा आधी वाळला. तिथली मूठ फुटली तशी मी कुदळ घेतली. बोका फळांच्या खोक्यात गोधडीवर बसून देखरेख करायचा, कंटाळला की आरोळी ठोकायचा, मग कुदळ टाकून त्याची आई व्हायचं. तो झोपला की पुन्हा खणणं. तळहात सोलवटले. रविवारी नवरा आला, दिवसभर माझ्या बरोबरीने खणला आणि कण्हत म्हणाला, "यापुढे कणकेबद्दल तक्रार करणार नाही." खिडकीत ठेवलेल्या बियाण्याच्या बटाट्यांना कोंब फुटून वाकायला लागले होते. माती मात्र सावकाशच वाळत होती.

काकांचे बटाटे लागले त्या दिवशी माझा निम्मा तुकडा झाला होता. त्या निम्म्यात मी पहाटेच बटाटे लावून टाकले. उरलेला अजून ओलाच होता.

दुपारी काका कुंपणाशी आले. सासूबाई तिथेच कपडे वाळत घालत होत्या, त्यांना म्हणाले,

"मग वहिनी, निम्मा उघडाच राहिला की. तेवढा मी घेतो. ठरलंच होतं."

ठरलं होतं हे खरंच. सासूबाईंनी हातातला टॉवेल दोरीवर टाकला, लावलेल्या सऱ्यांकडे बघितलं, ओल्या भागाकडे बघितलं.

"जिने खणलं तिला विचारा. तिथेच उभी आहे."

काका माझ्याकडे वळले. "काय, सूनबाई? देतेस ना?"

"नाही."

"अगं, पण करणार काय त्याचं? बटाट्याला आता उशीर झाला."

"घेवडा लावीन. घेवड्याला ऊबच लागते."

"आणि तोवर नुसतं ठेवणार?"

"तोवर वाळेल."

"फार हट्टी आहेस बघ."

"आहेच."

काका आशेने पुन्हा सासूबाईंकडे बघायला लागले. त्यांनी पुढचा कपडा पिळला.

"चहा घेऊन जा हवं तर," त्या म्हणाल्या. "तुकडा मिळायचा नाही."