भराव क्रमांक पाच

डिस्क भरली की लोक घाबरतात, मी वैतागतो. दापोड्याच्या ज्या गोदामात मी सर्व्हर सांभाळतो, तिथे डिस्क शंभर टक्के झाली की बिलं छापायची थांबतात, गेटपर्यंत ट्रकांची रांग लागते आणि ड्रायव्हर येऊन माझ्या केबिनच्या काचेवर टकटक करतात. जणू मीच खाऊन खाऊन ती फुगवली.

म्हणून मी एक सोय करून ठेवली होती. दहा-दहा जीबीच्या चार फाइली, आत नुसती शून्यं. नाव 'भराव'. जागा संपली की त्या उडवायच्या, गाडी चालू करायची, मग निवांत मूळ दुखणं शोधायचं. भिंतीवर कागद चिकटवला होता: df लावून डिस्क किती भरली ते बघा, du लावून कोणी भरली ते बघा. घाई असेल तर भराव उडवा, काम झालं की परत तेवढेच बनवून ठेवा. खाली जाड पेनाने लिहिलं होतं, 'मला फोन करू नका.'

ही शेवटची ओळ सईसाठी होती. सई माझी सहकारी, दोन वर्षं झाली तिला इथे. मी भाच्याच्या मुंजीत असताना तिने एका फोल्डरसाठी मला तीन फोन केले होते. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांदेखत तिला झापलं. माझा स्वभाव तसा आहे, आणि त्याचं मला तेव्हा कौतुकही होतं.

मागच्या महिन्याच्या दहा तारखेला डॉक चारवर पंढरीदादा पडला. जवळच्या वडपे गावचा माणूस, पन्नाशीचा, बारा वर्षं लोडिंगला. वरच्या रॅकमध्ये अडकलेला खोका काढायला तो फोर्कलिफ्टच्या पात्यांवर उभा राहिला, पातं हललं, तो बारा फुटांवरून खाली आला. कंबर मोडली, डोक्याला मार लागला. सुपरवायझरने लिहून दिलं की नियम मोडून तो आपल्या मनानेच चढला. दोघा लोडरांनी खाली सह्या केल्या. कंपनीने त्यावर चौकशी लावली.

मी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. सुपरवायझर हाताने वर चढायची खूण करतो. पंढरीदादा मान हलवतो, नाही. परत खूण. परत मान हलवतो. मग सुपरवायझर दोन पावलं पुढे येऊन काहीतरी बोलतो, आणि पंढरीदादा चप्पल काढून चढतो. चप्पल काढून, म्हणजे देवळात शिरल्यासारखा.

मॅनेजर विशालसरांनीही ते बघितलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "रेकॉर्डर पंधरा दिवसांचंच ठेवतो ना? मग ठीक आहे. आपण हात लावायचा नाही, आपोआप जाईल."

आपोआप जाऊ द्यायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. पण बाहेर नेणार कसं? आमच्याकडे फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो, पेनड्राइव्ह कुठल्याच मशीनला चालत नाही, आणि एवढी मोठी फाइल मेलने पाठवली असती तर सगळ्यात आधी हेड ऑफिसलाच कळलं असतं. सर्व्हरमध्ये विशालसरही डोकावतात. तेव्हा मी ते रेकॉर्डिंग सर्व्हरवर उतरवलं आणि नाव दिलं, भराव पाच. शून्यांच्या ढिगात कोण बघतंय? कोणालाच सांगितलं नाही, सईलाही नाही. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो की त्या दिवशी चहा दोनदा प्यायलो.

हॉस्पिटलात जाऊन पंढरीदादाला मात्र सांगितलं, "चौकशीला घाबरू नका. फिल्म माझ्याकडे आहे." त्याला पडण्याच्या आधीचं काहीच आठवत नव्हतं. त्याने माझा हात धरून ठेवला. त्याची बायको कमळावहिनी कोपऱ्यात उभी राहून रडली.

पंचवीस तारखेला रेकॉर्डरने आपला नियम पाळला. मूळ चित्रण गेलं. उरली फक्त माझी प्रत.

त्यानंतर माझ्या मुलाच्या, सुयशच्या, शाळेच्या कामासाठी मी दोन दिवस रजा घेतली. परत आलो तेव्हा चौकशीला चार दिवस उरले होते. सईने आल्या आल्या सांगितलं, "सर, काल डिस्क फुल झाली होती. नोंदींच्या लॉग फाइली वाढल्या होत्या. वीस मिनिटांत मोकळं केलं. तुम्हाला फोन नाही केला."

"शाबास," मी म्हणालो, आणि सवयीने आधी df लावलं. बासष्ट टक्के. मग भरावाच्या फोल्डरवर du. पाच ओळी आल्या. पाचही फाइली जागेवर बघून मी सुस्कारा टाकला, आणि मग आकडे वाचले. दहा, दहा, दहा, दहा, दहा.

माझी पाचवी सात जीबीची असायला हवी होती.

"सई, तू काय केलंस?"

"कागदावर आहे तसंच, सर. भराव उडवले, लॉग साफ केले, भराव परत बनवले. एक लहान होता, तोपण सारखा करून टाकला."

फाइल उघडली. शून्यं. त्या सात जीबीच्या जागेवर काल दिवसभराची बिलं आणि नवी शून्यं लिहिली गेली होती. तरी संध्याकाळपर्यंत मला येत होतं ते सगळं करून बघितलं. काही निघालं नाही. सई शेजारी उभी राहून विचारत होती, माझं काय चुकलं? तिचं काहीच चुकलं नव्हतं. एक फोन केला असता तर वाचलं असतं, पण तो फोन मीच बंद केला होता. हे तिला सांगायला मला तासभर लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडप्याला गेलो. पंढरीदादा पडवीत खाटेवर होता, कमरेला पट्टा. मी काही न लपवता सांगितलं. फिल्म पुसली गेली, चूक माझी, चौकशीत मी जे बघितलं ते बोलेन.

तो आढ्याकडे बघत म्हणाला, "सुपरवायझर आला व्हता परवा. बोलला, तूच चढलास. पोरांनी सह्या बी केल्यान. मना तर काय आठवत न्हाय. माझीच चूक आसंल."

"नाही, पंढरीदादा. तुम्ही दोनदा मान हलवलीत. नाही म्हणालात. मी डोळ्यांनी बघितलंय."

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर मला सोसला असता.

"साहेब, फिल्म नव्हतीच ना? तवा मी लय घाबरलो व्हतो, म्हनून तुमी बोललाव. मना बरं वाटावं म्हनून."

मी सुयशच्या गळ्याची शपथ घेतली. त्याने ऐकून घेतलं, माझ्या हातावर थोपटलं आणि आत हाक मारून कमळावहिनीला साहेबांसाठी चहा ठेवायला सांगितलं.