खसखशीची बदनामी

लघवी तपासायच्या कपाच्या पोटावर पाच पट्ट्या होत्या. रेघ उमटली की माणूस स्वच्छ, नाही उमटली की नशेबाज, इतकी सोपी गोष्ट. चार पट्ट्यांवर रेघा झरझर उमटल्या. पाचवी कोरी ती कोरीच, आणि ती नेमकी अफूची होती.

"असं कसं होईल?" रेनाटा म्हणाली. "मी डोकेदुखीची गोळीसुद्धा अर्धी घेते गं!"

काउंटरपलीकडच्या क्रिस्टल बॉगेसने कप उजेडाकडे धरला, जरा हलवला, पुन्हा बघितला. पट्टी काही बधेना. क्रिस्टल वाईट बाई नव्हती. दोघी एका शाळेत शिकलेल्या. पण सरकारने तिला नियमांची जाडजूड वही दिली होती आणि तिने ती खरोखर वाचली होती, तिथेच सगळी पंचाईत होती.

"मदतीतला तुझा वाटा वर्षभर बंद," क्रिस्टल वहीत बघून म्हणाली. "ज्युनीचा वाटा मिळेल. लेकराने काय पाप केलंय! पण तो तुझ्या हातात द्यायचा नाही. कुणीतरी विश्वासू माणूस आण, पैशाचं कार्ड त्याच्या नावावर निघेल. आणि त्यालाही या कपातूनच जावं लागेल. गुरुवार संध्याकाळपर्यंत आण. नाही आणलास तर लेकीचंही थांबलं."

वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्याला टाळं लागल्यापासून रेनाटा दोन महिने बसून होती. मदतीचा अर्ज केला, तर आधी कप भरा म्हणाले. भरला. मनात म्हटलं, आपल्याला कशाची भीती! आणि आता हे.

"क्रिस्टल, खसखस!" तिला एकदम सुचलं. "तीन दिवस मी चर्चच्या तळघरात खसखसच चाखतेय की!"

"सगळे हेच म्हणतात."

"सगळे कोण? आमच्याशिवाय या गावात खसखस खातंय कोण?"

क्रिस्टल ओढ्यापलीकडची, बाप्टिस्ट. त्यांच्यात ईस्टरला डुकराची भाजलेली मांडी आणि बटाट्याचं सॅलड. टिपल रनच्या ओढ्याअलीकडे खाणीवर आलेल्या स्लोव्हाक लोकांची पोरं-नातवंडं, आणि त्यांचा ईस्टर म्हणजे खसखशीचा रोल. पवित्र आठवड्यात चर्चच्या तळघरात नऊशे रोल व्हायचे, जिल्ह्यातले सगळे स्लोव्हाक न्यायला यायचे. खसखस दळायची, दुधात मधाबरोबर आटवायची, वर लिंबाची साल किसायची, आणि प्रत्येक पातेलं उतरवण्याआधी कुणीतरी चाखायचं. चाखणारी जीभ एकच हवी, नाहीतर सगळ्या पातेल्यांची चव एक येत नाही. यंदा ती जीभ रेनाटाची होती. तीन दिवसांत साठ पातेली झाली. आणि खसखस धुवायची नाही हा तिच्या आईचा कायदा. धुतली की चव जाते म्हणे.

आई म्हणजे वेरोनिका वाव्रेक, तळघराची सर्वेसर्वा. हातभर लाटणं, कडक स्टार्चचा ॲप्रन, आणि स्वतःच्या खसखशीबद्दल पोपचंही ऐकून न घेणारी.

"काय म्हणालीस?" लाटणं ओट्यावर आपटून ती गरजली. "माझ्या खसखशीने नशा? सदुसष्ट वर्षं खातेय मी. पाळण्यात होते तेव्हापासून! मला कधी झाली नशा?"

"नशा नाही गं होत. अफूच्याच बोंडातली ना ती, नुसतं कपात दिसतं."

"खसखशीवर ढकलू नकोस. तिला तोंड नाही म्हणून?"

तळघरातल्या तेरा बायांची हातातली कामं थांबली. आई जवळ आली आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाली, "खरं सांग, पोरी. काय घेतेस?"

पैशाचं रेनाटाने एक वेळ सोसलं असतं. चार वर्षांपूर्वी तिचा भाऊ अँडी गोळ्यांपायी गेला होता. खाणीत पाठ दुखावली, डॉक्टरने गोळ्या दिल्या, मग डॉक्टरने न दिलेल्याही सुरू झाल्या. तोही शेवटपर्यंत म्हणायचा, आई, मी काही घेत नाही. आता आई रेनाटाकडे त्याच नजरेने बघत होती, आणि त्या नजरेपुढे खरं बोलणारी पोरगीही खोटारडी दिसत होती.

"मी काहीसुद्धा घेत नाही," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच कळलं की वाक्य तेच निघालं.

"ठीक आहे. विश्वासू माणूस हवाय ना? मी येते उद्या. कार्ड माझ्याकडे राहील. आणि जाताना रोल खाऊन जाते! बघू दे त्या बॉगेसच्या पोरीला, खसखस कशी निष्पाप असते ते!"

"आई, नको. दोन दिवस थांब, खाऊ नकोस, मग दे."

"का? घाबरू कशाला? कर नाही त्याला डर कशाला?"

हात दाखवून अवलक्षण कसं करावं याचा वस्तुपाठच मग बाईंनी घालून दिला. मंगळवारी सकाळी कॉफीबरोबर दोन जाड कापा. गाडीत एक. ऑफिसच्या दारात पर्समधून आणखी एक काढली, ती क्रिस्टलच्या डोळ्यांदेखत सावकाश चावून खाल्ली, बोटं चाटली, आणि डोक्यावरची रविवारची हॅट नीट करून म्हणाली, "आण तो कप."

पाच मिनिटं भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत होतं. क्रिस्टलने कप बघितला. डोळे मिटले. पुन्हा बघितला.

"वाव्रेकबाई," ती फार मायेने म्हणाली, "आमच्याकडे एक चांगलं पत्रक आहे."

"कसलं पत्रक?"

पत्रकावर सूर्योदयाचं चित्र होतं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: व्यसन मान्य करणं हेच पहिलं पाऊल. आईने ते दोन बोटांत धरलं, मेलेला उंदीर धरावा तसं.

"अगं ए, मी माळ जपणाऱ्या मंडळाची अध्यक्ष आहे!"

"व्यसन कुणालाही लागू शकतं, बाई."

"मी फक्त रोल खाल्ला. तूच बघितलास!"

"सगळे हेच म्हणतात," रेनाटा क्रिस्टलच्या आधी म्हणाली आणि तिला हसू फुटलं. आवरेना. ती भिंतीला टेकली, खुर्चीला धरलं, शेवटी जमिनीवर बसली. क्रिस्टल वहीमागे तोंड लपवून खांदे हलवत होती. आई तेवढी हॅटखाली ताठ उभी. परतताना गाडीत, टिपल रनची पाटी आली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ती खसखसच."

"हो."

"धुवायला हवी होती."

बस्स. तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता, असं काही नाही. रेनाटाने वाट बघितली, घर येईपर्यंत बघितली. खसखशीची माफी मागितली गेली होती, लेकीची राहिली होती.

बुधवारी आईने तळघरात स्टुलावर चढून जाहीर केलं, "बायांनो, मी नापास झालेय. खसखशीने दगा दिला." आणि मग जो हलकल्लोळ उडाला! कुणी म्हणे आपण भट्टी लावलीय, कुणी म्हणे फादर सकाळी दोन कापा खाऊन प्रवचन देतात म्हणूनच इतकं लांबतं. आईने तिथल्या तिथे खोक्याचा पुठ्ठा फाडून विक्रीच्या टेबलावर पाटी लावली: "आज खा. चाचणी पुढच्या आठवड्यात द्या." दुपारपर्यंत मागणी दुप्पट झाली, आणि फोन करणारी निम्मी माणसं ओढ्यापलीकडची होती.

पण विश्वासू माणूस काही मिळेना. प्रत्येकीच्या जिभेवर खसखस. एकोणऐंशी वर्षांची ओल्गामावशी, जिच्या हाती रोलवर अंडं फासायचा ब्रश असायचा, म्हणाली, "मी जाते. मी यंदा फक्त वास घेतलाय."

"मावशी, तुझ्या हनुवटीला लागलीय."

"हा तीळ आहे."

"मावशी, तो हलतोय."

मग कुणीतरी म्हणालं, सगळ्याच जाऊ. नियमात एकच माणूस आणा असं कुठे लिहिलंय? चौदापैकी एखादी तरी सुटेल. आणि नाही सुटली, तर त्या वहीला कळू दे तरी!

गुरुवारी दुपारी चर्चची बारा जणांची व्हॅन चौदा बाया, रेनाटा आणि स्टशकाका यांना घेऊन निघाली. गाडी ओल्गामावशी चालवत होती, म्हणजे सगळ्यांचा परमेश्वर चालवत होता. स्टशकाका आपला असाच घुसलेला. निवृत्त खाणकामगार, सकाळच्या दोन घेतल्याशिवाय बूट न घालणारा. ऑफिसशेजारी दारूचं दुकान होतं, तेवढं फुकट पोहोचावं इतकीच त्याची इच्छा होती.

क्रिस्टलने दार उघडलं आणि म्हणाली, "अरे देवा."

"प्रत्येकीला अर्ज करायचाय," आई म्हणाली. "लिही."

कपांचं खोकं फुटलं. संडासात नळांना चिकटपट्ट्या मारलेल्या, भांड्यात निळा रंग टाकलेला, म्हणजे कुणी पाणी मिसळू नये. ओल्गामावशी आत गेली आणि आतून ओरडली, "अगं, हे निळं कशाला केलंय? ईस्टरची अंडी रंगवताय होय?" बाहेर बाया खिदळून खिदळून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. एकीला हसता हसता कप गाठणंही कठीण झालं. क्रिस्टल टेबलावर कप ओळीने मांडत गेली. कोरी. कोरी. ही पण कोरी. प्रत्येकीला सूर्योदयाचं पत्रक मिळालं, आणि उकडत होतं म्हणून सगळ्याजणी त्यानेच वारा घ्यायला लागल्या.

"चौदाच्या चौदा," क्रिस्टल खुर्चीत बसली. "आता हे राजधानीला कळवायचं. माळ जपणारं मंडळ, चौदापैकी चौदा. मला सांगा, मी कोणत्या तोंडाने लिहू?"

"पण एक कप जास्त आहे," रेनाटा म्हणाली. तिने मोजले होते. पंधरावा कप टोकाला उभा होता, आणि त्याच्या पाचही पट्ट्यांवर ठसठशीत रेघा होत्या.

"माझा आहे तो," स्टशकाका दारातून म्हणाला. बगलेत कागदी पिशवी, पिशवीत बाटली. "रांग दिसली, उभा राहिलो. रांगेच्या शेवटी काहीतरी मिळतंच. मला तर एवढंच मिळालं."

"काका, तुम्ही रोल नाही खात?"

"जर्दाळूचा खातो. खसखस कवळीखाली जाते, लई टोचते."

क्रिस्टलने कप उचलला. काकाच्या तोंडाला येणाऱ्या दारूच्या वासाने ती मागे झाली. "तुम्ही प्यायलाय ना?"

"दोनच."

"याच्यात दारूची पट्टी नाही?" आईने किंचाळून विचारलं.

"नाही," क्रिस्टल वही उलटीसुलटी करत हताशपणे म्हणाली. "नाहीच आहे."

चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथे चौदा संन्याशिणी लटकल्या होत्या आणि गावचा बेवडा सरकारी शिक्क्याने निर्मळ ठरला होता! आणि गुरुवारचे साडेचार वाजलेले. क्रिस्टलने अर्ज भरला, सही घेतली, शिक्का मारला आणि ज्युनीच्या वाट्याचं कार्ड स्टशकाकाच्या हातात ठेवलं. हसणं एकदम थांबलं. रेनाटाच्या डोळ्यांसमोर ते कार्ड शेजारच्या दुकानात शिरताना दिसायला लागलं.

स्टशकाकाने कार्ड दोन्ही बाजूंनी बघितलं, मग तिच्यापुढे धरलं.

"घे."

"काका, ते तुमच्याकडे राहायचंय. नियम आहे."

"वेडी आहेस का? मी पिणारा माणूस. माझा मलाच भरवसा नाही, पोरीचे पैसे माझ्याकडे कशाला? तू ठेव. तुझा आहे मला भरवसा. लागेल तेव्हा सही माग, देतो."

एवढं बोलून तो व्हॅनकडे गेला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. क्रिस्टलने हा अख्खा वेळ मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं. बायाही मागोमाग बाहेर पडल्या, पण आई जागची हलली नाही. हॅट काढून हातात धरली होती तिने, आणि केस चप्प बसले होते.

"त्या बेवड्याला एका मिनिटात कळलं," ती म्हणाली. "मला, तुझ्या आईला, नाही कळलं."

"जाऊ दे गं."

"नाही, ऐक. सोमवारी तू ज्युनीला आणायला गेलीस तेव्हा मी तुझ्या घरी आले होते. न्हाणीघर तपासलं. गाद्या उलट्या केल्या. फ्लशच्या टाकीत हात घातला."

"मला माहितीय. झाकण उलटं बसवलं होतंस."

आई हातातली हॅट फिरवत राहिली. "अँडीच्या वेळी मी काहीच बघितलं नव्हतं गं. भिंतीपलीकडे होता. मी त्याच्या शब्दावर राहिले."

रेनाटाने तिला दोन्ही हातांनी धरलं. एवढी दांडगी बाई, पण ॲप्रनशिवाय केवढीशी लागली हाताला.

"मग बघत जा," ती आईच्या केसांत म्हणाली. "रोज येऊन बघ. फक्त झाकण सरळ बसव."