पात्याखालच्या पट्ट्या

धनुष्य आणलं, दोरी चढवली आणि सोडला बाण, असं ज्याला वाटतं त्याने अण्णांच्या वर्गात आठवडाभर नुसतं बसून राहावं. बाणाला हात लावायच्या आधी तिथे पोरांना धनुष्य जुळवायला शिकवत. मधे लाकडी मूठ, तिच्या वरच्या आणि खालच्या खोबणीत बसणारी दोन पाती, प्रत्येक पात्याला एक बोल्ट. बोल्ट हाताने आवळायचा, पान्याने नाही. मग दोन्ही टोकांना अडकवलेला जाड पट्टा पायाखाली दाबून दोरी चढवायची. या धनुष्याच्या पात्यांची टोकं पुढच्या बाजूला वळलेली असतात. त्या वळणावर एक चर असतो आणि दोरी त्या चरात नीट बसली की नाही हे बोटाने चाचपून बघायचं. मुठीपासून दोरीचं अंतर मोजायचं, कमी भरलं तर दोरी उतरवून तिला आणखी पीळ द्यायचा. एवढं झालं की अण्णा म्हणायचे, "आता दोरीबाईंना विचारू या, मधून चाललात ना?"

हे विचारणं म्हणजे धनुष्य दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवं ठेवायचं, एका टोकाशी उभं राहायचं, एक डोळा मिटायचा आणि दोरीच्या रेघेतून बघायचं. दोरीने दोन्ही पात्यांचे बरोबर निम्मे निम्मे भाग केले, तर धनुष्य सरळ. दोरी एका अंगाला झुकली, तर कुठलं तरी पातं तिरकं बसलं आहे. मग अण्णा त्या पात्याखाली, खोबणीच्या एका कडेला, एक्स-रेच्या जुन्या फिल्मची पातळशी पट्टी सरकवत. पातं केसभर कलायचं, दोरी मधे यायची. हे शेवटचं काम मात्र पोरांना मिळत नसे. पोरांनी नुसतं बघायचं. डावा डोळा मिटून, ओठ एका बाजूला ओढून, अण्णा उजव्या डोळ्याने बघत आणि पोरं श्वास रोखून त्यांच्याकडे बघत.

वर्ग भरायचा एका रिकाम्या गोदामात. एका भिंतीला गवताची दाबून बांधलेली जाड लक्ष्यं, समोर जमिनीवर चुन्याची रेघ, कोपऱ्यात धनुष्यांची घोडी. अण्णांची लेक, जिला सगळी पोरं ताई म्हणत, दिवसभर फोटोंना चौकटी बसवून द्यायचं दुकान सांभाळायची आणि संध्याकाळी शटर ओढून वर्गावर यायची. बाण वेचणं, पिसं चिकटवणं, पोरांची भांडणं सोडवणं, हे तिचं खातं.

गेले काही दिवस वर्गात काहीतरी बिनसलं होतं. ज्या पोरांचे बाण वाटीत बसावेत असे एकत्र जायचे, त्यांचे बाण आता सगळीकडे पांगायला लागले. धनुष्य जुळलं आहे की नाही हे बघायला बिनपिसांचा बाण सोडतात. पिसं नसली की बाणाला स्वतःला सावरता येत नाही, धनुष्यात जी खोट असेल ती तो उघड करतो. तर ते बिनपिसांचे बाण एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, शेपटी हलवत जाऊ लागले. अण्णांनी आधी पोरांचे हात तपासले, मग दोऱ्या बदलल्या, मग लाकडावर आले. हल्ली लाकूड मुरवतातच कुठे, ओलं असतानाच पाती कापतात, सगळी धनुष्यं वाकडी निघाली, असं ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवत. आणि रोज एकेका पात्याखाली नवी पट्टी जाई.

ताईला कळलं ते वर्गात नाही, दुकानात. अण्णा सहज येऊन बसले होते. भिंतीवर गिऱ्हाइकाची तयार चौकट टांगलेली होती, तिच्याकडे त्यांनी सवयीने एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, ही बाजू फुगली आहे गं, लाकूड ओलं लावलंस का. ताईने चौकट उतरवली, लोखंडी पट्टी लावून पाहिली. पट्टीच्या आणि चौकटीच्या मधून उजेडाची रेघसुद्धा येत नव्हती. चौकट तिने परत टांगली. पण त्या संध्याकाळी पोरं गेल्यावर, अण्णा बाहेर कुणाशी बोलत असताना, तिने तीच पट्टी पिशवीतून काढली, एक दोरा ताणला आणि घोडीवरची धनुष्यं एकामागून एक तपासली. ज्यांना अण्णांनी हात लावला नव्हता ती सरळ होती. ज्यांच्या पात्यांखाली पट्ट्या होत्या ती सगळी वाकडी.

म्हणजे दोरी सरळच होती. अण्णांना ती वाकडी दिसत होती, आणि ते सरळ धनुष्य मन लावून वाकडं करत होते.

आता हे सांगायचं कसं? अण्णांना पैशाअडक्याचा गर्व नव्हता, शिक्षणाचा नव्हता. मिजास होती ती फक्त नजरेची. डोळे तपासायला जाऊ या का, असं ताईने आडून विचारून पाहिलं, तर म्हणाले, चष्मा आहे की, आणि वाचायला लागतो तो, बघायला नाही. दोन्ही डोळे उघडे असताना त्यांना काही जाणवतच नव्हतं. धडधाकट डावा डोळा उजव्याचं उणं झाकून घेत होता. धनुष्य जुळवताना मात्र ते नेमका डावाच मिटायचे.

ताईने मग सोपी वाट धरली. संध्याकाळी सगळे पांगले की ती बोल्ट सैल करायची, पट्ट्या काढून खिशात टाकायची आणि बोल्ट पुन्हा आवळून ठेवायची. पोरांचं नुकसान नको आणि बापाचं मनही मोडायला नको. तिला वाटलं, थोडे दिवस असं निभावून नेऊ, मग सवडीने, गोड बोलून त्यांना डॉक्टरांकडे नेऊ.

पण अण्णा म्हणजे कामात हलगर्जी करणारा माणूस नव्हे. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बघायचे, दोरी पुन्हा वाकडी दिसायची. पातं सोडवून बघावं तर पट्टी गायब. ते नवी घालायचे, कधी कधी दोन एकावर एक. पट्ट्यांना पाय फुटतात की काय, असं पहिल्यांदा ते हसत म्हणाले. नंतर त्यांचं हसू गेलं. कुणीतरी धनुष्यांशी खेळतं आहे, हे त्यांच्या मनाने घेतलं, आणि खेळणारं कोण हे शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही.

वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी ठरायची नाही. पेन दिसलं की उघड, कुलूप दिसलं की ओढ, बोल्ट दिसला की फिरव. नेम मात्र सुरेख. अण्णांचा तिच्यावर जीव होता आणि म्हणूनच तिला बोलणीही जास्त बसत. देवाने हिला दहा बोटं दिली ती दुसऱ्याच्या वस्तू उघडायला, असं ते चारचौघांत म्हणाले तेव्हा पोरं खिदळली. भिंगरीही हसली. मग अण्णा रोजच म्हणायला लागले, तेव्हा ती हसेनाशी झाली. मी नाही काढल्या, एवढंच तिने एकदा सांगितलं आणि नंतर तेही सोडून दिलं.

ताई तिथेच पिसं चिकटवत बसलेली असायची. आज सांगते, असं ती रोज घरातून ठरवून निघायची. गोदामात आल्यावर अण्णांना कुणा नव्या पोराची बोटं दोरीवर बसवून देताना बघायची, आणि उद्यावर ढकलायची.

त्या दिवशी बाण सोडायची पाळी भिंगरीची होती. अण्णांनी तिचं धनुष्य आधीच तपासून ठेवलं होतं. खालच्या पात्याखाली त्यांनी जाड पट्टी घातली होती, पुन्हा कुणी काढू नये म्हणून बोल्ट पान्याने आवळला होता. भिंगरी रेघेवर उभी राहिली, दोरी गालापर्यंत ओढली. एखादा टायर फुटावा तसा आवाज झाला. तिरक्या बसलेल्या पात्याने ताण सहन केला नाही, पातं पिळवटलं आणि दोरी चरातून निसटली. बाण पायाशी पडला. दोरीचा फटका भिंगरीच्या हाताच्या आतल्या बाजूला, हाताला बांधलेला चामडी पट्टा संपतो तिथे, बसला होता. वळ बघता बघता लाल झाला आणि फुगला. हात आणखी वर असता तर तोंडावर बसला असता.

अण्णांनी धनुष्य उचललं, पात्याचं टोक चाचपलं.

"कितीदा सांगितलं तुला, धनुष्याशी खेळू नकोस," ते भिंगरीला म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं. "घरी जा. उद्यापासून येऊ नकोस."

भिंगरी रडली नाही. दुखरा हात दुसऱ्या हाताने धरून तिने ताईकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्या नजरेत आश्चर्य नव्हतं, विनवणीही नव्हती. ताईच्या लक्षात आलं. या मुलीने पाहिलं होतं. कधीतरी विसरलेली बाटली न्यायला परत आली असेल, आणि दारातून तिने ताईला बोल्ट सैल करताना पाहिलं असेल. पाहूनही इतके दिवस सगळी बोलणी खाऊन ती गप्प राहिली होती, मोठं माणूस आपलं आपण सांगेल म्हणून.

"अण्णा," ताई म्हणाली, "पट्ट्या मी काढते."

अण्णांना ते एकदम उमजलं नाही. "तू? कशाला?"

"दोरी सरळ असते म्हणून."

अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू चौकटी विकणारीने आता त्यांना धनुष्य शिकवावं एवढंच राहिलं होतं. मग त्यांनी घोडीवरचं दुसरं धनुष्य घेतलं. आदल्या दिवशी आलेलं, बोल्ट कुणीही न उघडलेलं. दोरी चढवून ते खुर्च्यांवर आडवं ठेवलं, डावा डोळा मिटला. बराच वेळ पाहिलं. ही दोरी बघ, म्हणाले, मधे आल्यावर कशी कललीय.

ताईने त्यांना आता उजवा डोळा मिटायला सांगितलं. दुसऱ्याने बघा म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. डाव्या डोळ्याने मी जन्मात कधी नेम बघितला नाही, म्हणाले, त्याला काय कळतंय. ती तिथून हलली नाही. एकदाच बघा, तिने पुन्हा सांगितलं, मग वाटेल ते बोला मला.

अण्णांनी उजवा डोळा मिटला. पाहिलं. मग उजवा उघडून डावा मिटला. पुन्हा उलट केलं. डाव्याला दोरी सरळ दिसत होती, उजव्याला ती मधल्या भागात कलायची आणि पुसट व्हायची. मान वर करून त्यांनी गोदामाच्या दाराच्या चौकटीकडे तसंच पाहिलं, मग खांबाकडे, मग चुन्याच्या रेघेकडे. पोरांना तो काहीतरी खेळ वाटला असावा. एकदोघांनी आपापला डोळा मिटून पाहिलासुद्धा. ज्या खुर्चीवर धनुष्य होतं तिच्यावरच अण्णा बसायला गेले, ताईने ते पटकन काढून घेतलं.

भिंगरी जवळ आली. तिला राहवलं नाही.

"अण्णा, मग मी कशी दिसते?"

त्यांनी डावा डोळा मिटून तिच्याकडे पाहिलं. प्रामाणिकपणे, निरखून.

"कान आहेत दोन्ही," ते म्हणाले. "वेण्या आहेत. नाक नाही."

पोरं हसली. भिंगरीला हसू आलं ते तिने दाबलं. अण्णांनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि दोन्ही डोळ्यांनी तो वळ पाहिला. उद्या येशील का, असं त्यांनी विचारलं. ये, असं म्हणायचा धीर त्यांना झाला नसावा. भिंगरी म्हणाली, आईला विचारते. ती खरंच आईला विचारणार होती की तो तिचा नकार होता, हे काही कळायला मार्ग नव्हता. ताईने वळावर ओलं फडकं बांधून तिला घरापर्यंत सोडलं, आणि दारात आईला सगळं सांगितलं, आपला भाग न गाळता. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

ताई परत आली तेव्हा पोरं गेली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आताच जाऊ या, उद्यावर नको, असं तिने सांगितलं. अण्णा नाही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, आधी ही धनुष्यं नीट करू, सकाळी एखादं पोर लवकर येऊन उचलेल. ते घोडीशेजारी जमिनीवर बसले होते आणि मांडीवर घेतलेल्या धनुष्याचा बोल्ट सोडवत होते. त्यासाठी डोळ्यांची गरजच नव्हती. बोटं आपसूक चालत होती. पट्टी निघाली की बाजूला ठेवत. पातं परत बसवत, पट्ट्याने दोरी चढवत आणि धनुष्य ताईपुढे धरत.

आजवर हे बघायचं काम त्यांनी तिलाही दिलं नव्हतं. तिने खुर्च्यांवर धनुष्य ठेवलं, वाकली, एक डोळा मिटला. दोरी दोन्ही पात्यांच्या बरोबर मधून गेली होती. ठीक आहे, असं तिने सांगितलं. अण्णांनी विश्वास ठेवला, किंवा त्यांच्यापुढे दुसरा उपाय नव्हता. त्यांनी पुढचं धनुष्य मांडीवर घेतलं.

तेही सरळ होतं. तिसरंही. चौथ्याच्या वेळी ताई वाकली, आणि दोरी मधे केसभर कलल्यासारखी वाटून तशीच थांबली. तिने उघडा डोळा मिटला, दुसरा उघडला, आणि त्याने पाहिलं. दोरी सरळच होती. काय झालं, अण्णांनी खालून विचारलं. काही नाही, ती म्हणाली, आणि पहिल्या डोळ्याने परत एकदा बघायला वाकली.